बेल वाजते, कॉल लागतो, पण आवाज एकाच बाजूने? ट्रंक लाइनची भानगड



माझी मावसबहीण नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. मध्यंतरी तिच्याविरुद्ध तक्रारी यायला लागल्या, "मॅडम काही ऐकूनच घेत नाहीत, नुसतं हॅलो हॅलो करून फोन ठेवून देतात." मालकांनी दोनदा झापलं. ताई म्हणाली, "अरे, समोरच्याचं मला काहीच ऐकू येत नाही, मी तरी काय करू?"

रविवारी गेलो आणि माझ्या मोबाइलवरून लॅबला कॉल लावला. तिचा आवाज मला एकदम क्लिअर, माझा तिला शून्य. इंटरकॉम मात्र ठणठणीत. म्हणजे फोन चांगला, घोळ बाहेरच्या वाटेवर.

ट्रंक म्हणजे ऑफिसचं एक्स्चेंज आणि टेलिफोन कंपनी यांना जोडणारी लाइन, जिच्यावर एका वेळी अनेक कॉल चालतात. जुन्या पीआरआय लाइनवर 30 कॉल आणि 'बेल वाजव', 'कॉल तोड' असे निरोप एकाच लाइनवरून जायचे. लॅबकडे आहे सिप ट्रंक, इंटरनेटवरची. तिथे निरोप एका वाटेने (बहुतेक वेळा पोर्ट 5060), आवाज वेगळ्या पोर्टवरून. त्यामुळे बेल वाजली म्हणून आवाज येईलच असं नाही!

कॉल जोडताना एक्स्चेंज कंपनीला सांगतं, 'आवाज या पत्त्यावर पाठव.' लॅबचं एक्स्चेंज सांगत होतं 192.168.1.50. तुमच्या घरच्या वायफायवर मोबाइलला असाच पत्ता मिळतो, तो फक्त आतल्या आत चालतो. पार्सलवर नुसतं 'दुसरा मजला' लिहिल्यासारखं झालं. ताईचा आवाज मात्र कंपनीच्या सार्वजनिक पत्त्यावर बरोबर पोचत होता.

खात्रीसाठी लॅपटॉपवर पॅकेट मोजले. जी.711 कोडेकमध्ये साधारणपणे सेकंदाला 50 पॅकेट जातात. बाहेर जाणारे 50, आत येणारे 0. मग कळलं, राउटर नुकताच बदललाय. जुना राउटर हा पत्ता गुपचूप बदलून पाठवायचा, नवा पाठवत नव्हता.

एक्स्चेंजच्या नॅट सेटिंगमध्ये लॅबचा स्थिर सार्वजनिक आयपी टाकला आणि आवाजाचे पोर्ट राउटरमधून एक्स्चेंजकडे वळवले. फायरवॉलमध्ये परवानगी फक्त कंपनीच्या पत्त्यांना. हे विसरू नका, नाहीतर कोणीतरी रात्रीत तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल करेल आणि बिल तुम्ही भराल.

आवाज तुटक, रोबोटसारखा येत असेल तर मात्र कारण वेगळं. तेव्हा पॅकेट वाटेत गळतायत का आणि कोणी मोठी फाइल अपलोड करतंय का, ते बघा. पीआरआयवर अधूनमधून टिक-टिक येते आणि फॅक्स फेल होतो? मग एक्स्चेंजचं क्लॉक सेटिंग तपासा. टायमिंग कंपनीच्या लाइनवरून घ्यायचं असतं.

सोमवारी ताईने पॅकेटचा स्क्रीनशॉट आणि राउटरचं बिल मालकांसमोर ठेवलं. पहिली तक्रार राउटर बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती.