आधी उसळ, मग भाकरी

ज्वारी खाणाऱ्या मुलखात शुगर का वाढते? आणि ती ताटातूनच खाली आणायची, तर नेमकं काय बदलायचं?

एकदा घरातल्या भाकरीचं पीठ थापण्याआधी काट्यावर ठेवून पाहा. धाराशिव जिल्ह्यात कळंबपासून उमरग्यापर्यंत हात बदलतो तशी भाकरी बदलते. पण ताटाच्या काठाला टेकणाऱ्या एका मोठ्या भाकरीला ऐंशी ते शंभर ग्रॅम पीठ सहज लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या कणकेत ६४. तंतू, म्हणजे पचनात अडसर घालून साखर सावकाश सोडणारा चोथा, ज्वारीत १० ग्रॅम आणि कणकेत ११. तांदळात कर्बोदकं ७८, तंतू जेमतेम ३.

भातापेक्षा भाकरी उजवी, यात वाद नाही. गडबड होते ती पुढे. "शुगर हाय ना? मंग भाकरच खात जा," असा सल्ला पारावर फुकट मिळतो आणि माणूस दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी खाऊ लागतो. दोन फुलक्यांना पन्नास-साठ ग्रॅम कणीक लागते, दोन मोठ्या भाकरींना एकशे साठ ते दोनशे ग्रॅम पीठ. पथ्याच्या नावाखाली पिष्ट तिपटीच्या घरात गेलेलं असतं आणि तीन महिन्यांनी एचबीए१सीचा, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, आकडा वाढला की दोष गोळीला मिळतो.

यावर ठरलेला प्रश्न येतो: आमचे आजोबा चार-चार भाकरी खायचे, त्यांना कुठे काय झालं? त्यांची शुगर कोणी तपासली होती, हा पहिला उलटप्रश्न. दुसरं असं, की त्या चार भाकरी नांगर, मोट आणि पायवाट दिवसभरात खर्च करून टाकत. आज नांगरटीला ट्रॅक्टर, विहिरीवर मोटर आणि बांधावर जायला फटफटी. कष्ट आटले, भाकरीचा घेर तेवढाच राहिला. शिवाय त्या भाकरीबरोबर मटकी आणि हुलगा शेतातूनच घरात यायचा. आता खरिपाची रानं सोयाबीनने व्यापली आहेत आणि ते थेट अडतीवर जातं. पीक विकायचं झालं आणि उसळ विकतची झाली.

बारीक माणसाची शुगर

"मी कुठं जाड आहे?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास त्यांच्या गटाने १९९३ मध्ये सुरू केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत खूपच कमी होती, पण त्या मानाने चरबीत फारशी मागे नव्हती. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं सारखंच होतं. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के.

आईच्या पोटात ओढाताण सोसलेलं शरीर पुढे भरपूर खायला मिळालं की शुगरकडे लवकर झुकतं, असं हे संशोधन सुचवतं. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. बालाघाटच्या या कोरडवाहू पट्ट्यात हे वाचताना आपल्या घरातल्या माणसांचे चेहरे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. शिवणकामाची टेप पोटाभोवती धरावी. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर हातपाय काटकुळे असले तरी धोका पोटात साठतो आहे असं समजावं.

यकृताचं गाठोडं

पोटातली ही चरबी नुसती बसून राहत नाही. ती यकृतात साठली की यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. काही न खाता सकाळची शुगर जास्त येते ती त्यामुळे. पुढे तीच चरबी स्वादुपिंडात शिरते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर आणि ग्लासगोचे डॉ. माइक लीन यांनी हे चक्र उलटं फिरवता येतं का, ते पाहिलं. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना त्यांनी तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं, अर्थात डॉक्टरी देखरेखीखाली. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांचं वजन पंधरा किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण काहींचं वजन परत चढलं. म्हणून डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, 'माघारी गेला' म्हणतात. माघारी गेलेला परत येऊ शकतो.

लातूरचं सूत्र

या जिल्ह्यात वजन उतरवायचं म्हटलं की शेजारच्या लातूरचं नाव निघतंच. तिथे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून मांडलेलं सूत्र घरोघरी पोहोचलं: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि चाला. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोडं-थोडं, अनेकदा आणि आपल्या मातीतलं खा, असं सांगत होत्या. 'दीक्षित की दिवेकर' या वादात कित्येक लग्नांच्या पंगती थंड झाल्या.

प्रागच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हाच प्रश्न ५४ मधुमेहींवर तपासला. कॅलरी तेवढ्याच ठेवून बारा आठवडे सहा वेळा आणि बारा आठवडे दोन वेळा जेवायला दिलं. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहांमध्ये २.३. पण त्यांची दोन जेवणं सकाळची आणि दुपारची होती. आपल्याकडे दोनदा जेवणारा माणूस सकाळचं टाळतो आणि रात्री दहाला भरल्या पोटी आडवा होतो, ही गोष्ट वादात कोणी काढत नाही. कोणतीही पद्धत धरा, दिवसाचं एकूण अन्न कमी झालं आणि ते वर्षभर निभलं तरच आकडे हलतात.

ताटाचा क्रम

निभायचं तर घरातलंच ताट हवं, फक्त त्याचा क्रम आणि माप बदलून. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव नंतर असा क्रम ठेवला, तर तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी भरली. पदार्थ तेच, मापही तेच. आपल्या भाषेत याचा अर्थ सोपा आहे: आधी काकडी-कांदा, मग वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, मेथी-अंबाडी-चुक्यासारखी पालेभाजी, आणि भाकरीचा पहिला तुकडा त्यानंतर. हुलग्यात आणि तूरडाळीत शंभर ग्रॅममागे बावीसच्या आसपास ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीच्या दुपटीहून जास्त. तुरीच्या मुलखात वरणाचं पाणी करायचं काही कारण नाही. उस्मानाबादी शेळीचं मटण असेल त्या दिवशीही फोडी आधी खाव्यात. शुगर वाढवते ती रश्शात कुस्करलेली तिसरी भाकरी.

भाकरी लहान थापावी, फुलक्याएवढी. शेंगदाण्याची चटणी चांगली, पण शेंगदाण्यात चाळीस टक्के तेल असतं, म्हणून चमचाभरच. चहात दोन चमचे साखर आणि दिवसात पाच चहा, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नुसती पाहुणचारात जाते. गुळाचा चहा हा त्यावरचा उपाय नव्हे, रक्तात पोहोचल्यावर गूळही साखरच. कुंथलगिरीचा पेढा प्रसादापुरता, चिमूटभर. आणि जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात तरी चालावं.

उपवास आणि गोळी

नवरात्रात तुळजापूरची वाट भाविकांनी भरून जाते आणि ताटं साबुदाण्याने. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यापेक्षा राजगिरा, ताक, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर मोजकी भगर बरी. खरा धोका वेगळाच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं, वर उपवास करायचा आणि मैलोनमैल चालायचं, यात शुगर सत्तरच्या खाली कोसळू शकते. दरदरून घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उपवास मोडून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. जेवण निम्मं करण्याआधी गोळीचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बाईने असा प्रयोग मनाने करूच नये. अजून तपासणीच झाली नसेल, तर तिशीपुढच्या प्रत्येकासाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. आशाताईंना विचारावं.

शेवटचं ताट

हा सगळा हिशोब एका जागी अडतो. क्रम पाळायला आधी उसळ शिल्लक असावी लागते. घरात सगळ्यांची जेवणं उरकल्यावर जी चुलीपाशी बसते, तिच्या वाट्याला कढईच्या तळाशी चिकटलेला रस्सा, चटणी आणि दुपारची उरलेली दीड भाकर येते. वाया जाऊ नये म्हणून ती संपवतेही. शुगर तिलाही असते. नवऱ्याच्या पथ्याची वाटी ती रोज आठवणीने भरते आणि तिच्या ताटात पिष्टाशिवाय काही उरत नाही.

तेव्हा उद्या उसळ झाली की पहिली वाटी कोणाच्याही ताटात वाढायच्या आत बाजूला काढून, झाकून ठेवा. शेवटी बसणारीसाठी.