जुना धागा कसा ओळखावा

आजच्या कवितेत जुन्या साहित्याचा ठसा शोधायचा तर सुरुवात शीर्षकापासून करावी. अरुण कोलटकरांच्या ‘भिजकी वही’ या संग्रहाचं नाव वाचताच मराठी माणसाला इंद्रायणी आठवते: पाण्यात बुडवलेल्या आणि तरल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तुकोबांच्या वह्या. इथवर कुणीही येतं. खरं काम पुढे आहे.

तुकोबांची वही आख्यायिकेत कोरडी निघते. कोलटकरांची भिजलेलीच राहते, देशोदेशींच्या बायकांच्या आसवांनी. त्यात ऋग्वेदातली अपाला आहे, तशी रशियातली नादेझ्दा मान्देलश्तामही. स्टालिनच्या राजवटीत नवऱ्याच्या कविता कागदावर ठेवणं धोक्याचं झालं, तेव्हा तिने त्या तोंडपाठ करून जगवल्या. तुकोबांचे अभंगही लोकांच्या मुखी राहिल्यामुळे तरले, असं परंपरा सांगतेच. हे ध्यानात आलं की नादेझ्दाची कविता रशियापुरती उरत नाही.

मात्र नुसतं साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. दोन कवितांत पाऊस आहे म्हणून नातं जुळवणं हा समीक्षेतला आवडता पोरखेळ. कवीने ते जुनं वाचलं असावं याला काही आधार हवा, आणि ते कळल्यावर कविता वेगळी वाचता यायला हवी. कोलटकर दोन्ही कसोट्यांना उतरतात: तुकोबांच्या अभंगांचे त्यांनी स्वतः इंग्रजी अनुवाद केले होते.