तंबोऱ्याचा षड्ज आणि पियानोची कॉर्ड : हिंदी चित्रपटगीतांतील स्वरांचें स्थित्यंतर

जुन्या हिंदी चित्रपटगीतांत राग असे, नव्या गीतांत तो औषधालाही सांपडत नाहीं, ही तक्रार सुशिक्षित कुटुंबांतून नेहमीं ऐकूं येते. तक्रार करणाऱ्या वडील मंडळींच्या कानांत एखादें मालकंसांतील भजन घुमत असतें. तरुण मंडळींना तेंच भजन संथ वाटतें. आणि एकाच घरांत राहून दोन्ही पक्ष एकमेकांच्या आवडीला नांवें ठेवीत राहतात. हा वाद केवळ आवडीनिवडीचा असता, तर त्याचा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच्या मुळाशीं संगीतशास्त्रांतील एक साधी गोष्ट आहे. १९३१ पासून आजतागायत सप्तकांतील बारा स्वर तेच राहिले आहेत. बदललें आहे तें गाण्याच्या खालीं वाजणारें. आणि खालीं काय वाजतें, यावरच वरचे स्वर कोणते घ्यावयाचे हें पुष्कळ अंशीं ठरत आलें आहे.

प्रथम स्वरसप्तक आणि राग यांतील भेद लक्षांत घेतला पाहिजे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वांटणी केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट होत. थाट म्हणजे सात स्वरांची केवळ मांडणी. राग म्हणजे त्या स्वरांचें चालणें, वळणें आणि विसावणें. भूप व देशकार हे दोन्ही राग सा, रे, ग, प, ध या पांच शुद्ध स्वरांचेच आहेत. पण भूपांत गांधाराला प्राधान्य, तर देशकारांत धैवताला. आणि तेवढ्यानें एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा ठरतो, दुसरा सकाळचा. मराठी आणि हिंदी या भाषांची मुळाक्षरें बहुतेक एकच असून भाषा मात्र भिन्न आहेत, तसाच हा प्रकार समजावा. म्हणून एखाद्या गीतांत अमुक रागाचे स्वर आहेत, एवढ्यावरून तें गीत त्या रागांत आहे असें म्हणतां येत नाहीं.

‘आलमआरा’ हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत प्रदर्शित झाला. त्यांत सात गाणीं होतीं. पुढच्याच वर्षीं ‘इंद्रसभा’ या बोलपटांत गाण्यांची संख्या सत्तरांच्या आसपास पोंचली. हीं गाणीं आलीं तीं पारशी मंडळ्यांच्या उर्दू रंगभूमीवरून, ठुमरी-दादऱ्याच्या बैठकींतून, लोकगीतांतून, आणि आपल्याकडील संगीत नाटकांतून. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या बोलपटाचे संगीतकार गोविंदराव टेंबे हे रंगभूमीवरच नांवारूपास आलेले होते. त्यामुळें पिलू, खमाज, पहाडी, मांड, भैरवी असे ठुमरीच्या अंगाचे राग प्रथमपासूनच पडद्यावर नांदूं लागले. दरबारीसारख्या गंभीर रागाचा विस्तार करण्यास तेथें अवकाशच नव्हता, कारण ध्वनिमुद्रिकेची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपून जाई. शिवाय ठुमरीच्या रीतीप्रमाणें रागाबाहेरचा एखादा स्वर लावून रंग भरण्याची मोकळीकही संगीतकार घेत. तेव्हां पूर्वींचीं सर्व गाणीं शुद्ध रागांत असत, ही वडील मंडळींची समजूत वस्तुस्थितीला धरून नाहीं.

मग त्या गाण्यांत रागाचा वास अधिक येतो तो कशामुळें? याचें उत्तर साथींत आहे. सारंगी असो वा पेटी, ती गायकाच्या मागोमाग तीच चाल वाजवी. आणि या सर्वांच्या तळाशीं एकच षड्ज स्थिर असे, मग तंबोरा प्रत्यक्ष वाजत असो वा नसो. षड्ज स्थिर असला म्हणजे प्रत्येक स्वराची ओळख त्याच्यापासूनच्या अंतरावरून पटते. कोमल ऋषभ षड्जाकडे झुकतो, तीव्र मध्यम पंचमाकडे ओढ घेतो. श्रोत्याला शास्त्र ठाऊक नसलें तरी ही ओढ जाणवते. रागाचा सारा जीव या ओढींत असतो. तळाचा षड्ज हलूं लागला, कीं ओढीची दिशाही हलते.

हा तळ हलण्यास आरंभ झाला तो वाद्यवृंदामुळें. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘धूप छांव’ या बोलपटांत पार्श्वगायनाचा उपयोग केला. गाणारा व दिसणारा हे दोन इसम झाल्यावर वादकांना कॅमेऱ्यापासून लपविण्याची अडचण सरली आणि ध्वनिमुद्रणासाठीं मोठा वाद्यमेळ बसवितां येऊं लागला. न्यू थिएटर्समध्यें रायचंद बोराल व पंकज मल्लिक यांनीं, आणि पुण्यास ‘प्रभात’मध्यें केशवराव भोळे यांनीं पाश्चात्य वाद्यें विचारपूर्वक वापरलीं. पुढें मुंबईस या कामाचा मोठा भार गोमंतकीय वादकांनीं उचलला. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणींच पाश्चात्य स्वरलिपीचें शिक्षण मिळालेलें असे. अँथनी गोन्साल्विस, सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करणारे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांचे वाद्यसंयोजक सेबॅस्टियन डिसोझा, हीं नांवें या संदर्भांत कृतज्ञतेनें घेतलीं पाहिजेत.

या वादकांनीं आपल्याबरोबर कॉर्ड आणली. निरनिराळे तीन स्वर एकाच वेळीं वाजविले असतां जो समूह होतो, तो कॉर्ड. सा, ग, प हा त्याचा सर्वांत सोपा नमुना. पाश्चात्य पद्धतींत असे समूह एकामागून एक बदलत जातात. गायकानें पंचम धरून ठेवला, तर खालीं सा-ग-प वाजत असतां तो शांत वाटतो; खालचा समूह बदलून दुसरा आला, कीं तोच पंचम कांहीं निराळें बोलूं लागतो. पूर्वीं स्वर बदलून भाव बदलावा लागे; आतां स्वर तोच ठेवून खालची जमीन सरकवितां येऊं लागली. हें एक नवें सामर्थ्य होतें, यांत शंका नाहीं.

परंतु त्याचें मोलही द्यावें लागलें. प्रत्येक रागांत अशा कॉर्डी सुखानें बसत नाहींत. मारव्याचें उदाहरण घ्यावें. त्यांत ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि पंचम अजिबात वर्ज्य. सा-ग-प या समूहांतील एक स्वरच तेथें नाहीं. शिवाय षड्जावर वारंवार येऊन विसावणें मारव्याला मानवत नाहीं. पियानोवाल्यानें पंचम घेतला कीं मारवा नाहींसा झालाच. याच्या उलट कीरवाणी पाहावी. हा मूळचा कर्नाटक पद्धतींतील एकविसावा मेळ. त्यांत गांधार व धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. त्यांतून सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे असे तीन समूह निघतात आणि तेवढ्यांत सातही स्वर येऊन जातात. पाश्चात्यांचें जें एक करुण सप्तक आहे, तें हेंच. म्हणून ‘दिल एक मंदिर’ (१९६३), ‘मेरे सनम’ (१९६५), ‘अनामिका’ (१९७३) अशा एकमेकांहून अगदीं भिन्न चित्रपटांत कीरवाणीचीं गाणीं लोकप्रिय झालीं. सव्विसावा मेळ चारुकेशी हाही असाच उपयोगीं पडला. त्याच्या पूर्वार्धांत सा-ग-प हा प्रसन्न समूह, तर उत्तरार्धांतील कोमल धैवतामुळें म-ध-सा हा करुण समूह. हंसूं आणि आंसूं एकाच घरांत! ‘सरस्वतीचंद्र’ (१९६८) व ‘दस्तक’ (१९७०) यांतील चारुकेशीचीं गीतें जाणकारांना आठवतील. शिवरंजनी तर केवळ पांच स्वरांची. परंतु सा, कोमल ग, प ही करुण कॉर्ड तिच्यांत आयतीच आहे. ‘सूरज’ (१९६६), ‘मेरा नाम जोकर’ (१९७०), ‘मेहबूबा’ (१९७६) आणि ‘एक दूजे के लिये’ (१९८१) इतक्या लांब पल्ल्यांत ती टिकून राहिली. कॉर्डीशीं जुळतील ते थाट पुढें सरसावले आणि न जुळणारे मागें पडले, असें ढोबळपणें म्हणतां येईल.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. कॉर्ड जर चाळीस-पन्नासच्या दशकांतच आली, तर रागदारीचीं उत्कृष्ट चित्रपटगीतें त्याच काळांत कशीं झालीं? ‘रामराज्य’ (१९४३) चित्रपटांत शंकरराव व्यास यांनीं सरस्वती राणे यांच्याकडून गाऊन घेतलेलें भीमपलासींतील गीत, ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील नौशाद यांचें मालकंसांतील भजन, ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटासाठीं वसंत देसाई यांनीं बांधलेलें व उस्ताद अमीर खां यांनीं गाइलेलें अडाण्यांतील शीर्षकगीत, ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील उस्ताद बडे गुलाम अली खां यांची सोहनी, हीं सर्व त्याच काळांतलीं. याचें कारण असें, कीं त्या पिढीच्या संगीतकारांनीं बहुधा दोन खोल्या वेगळ्या ठेवल्या. कडव्यांच्या मधल्या जागीं व्हायोलिनांचा ताफा मनसोक्त वाजे. पण गायकाचा आवाज सुरू झाला, कीं खालची कॉर्ड पुष्कळदां आवरती घेतली जाई. शिवाय भैरवीसारखा राग दोन्हीकडे चाले, कारण तिच्या सात स्वरांतून कॉर्डीही निघतात आणि ठुमरीच्या परंपरेनें तिला बाराही स्वर माफ आहेत. ‘बरसात’ (१९४९) पासून शंकर-जयकिशन यांनीं भैरवीवर एवढी भिस्त ठेवली, त्याचें एक मर्म हें असावें.

पुढच्या पिढीनें या दोन खोल्यांमधील भिंत पाडली. सलिल चौधरी यांनीं ‘छाया’ (१९६१) चित्रपटांत मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून एका गीताची चाल बांधली. तेथें कॉर्ड ही साथ न राहतां चालीचा सांगाडाच झाली. राहुल देव बर्मन यांनीं ‘अमर प्रेम’ (१९७२) मधील एका प्रसिद्ध गीतांत तोडी व खमाज असे परस्परांपासून दूरचे राग एकत्र नांदविले. अशा वेळीं ‘हें गाणें कोणत्या रागांत आहे?’ हा प्रश्नच अपुरा पडतो. त्याला दोष म्हणावयाचें कारण नाहीं. तें निराळ्या व्याकरणाचें काव्य आहे. तरुण मंडळींच्या बाजूनें एवढें निश्चित सांगतां येईल.

वडील मंडळींच्या बाजूनें सांगण्याजोगी गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे, आणि ती राग कोणता याची नसून स्वर कोणता याची आहे. षड्जाचीं कंपनें सेकंदाला २४० धरलीं, तर तंबोऱ्यांतून आपोआप उमटणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा असतो. पियानोवर किंवा पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळें तोच गांधार ३०२.४ होतो. कोमल गांधार नैसर्गिक प्रमाणानें २८८, तर पट्टीवर २८५.४. हे फरक लहान दिसतात, पण तयार कानाला ते खुपतात. ठराविक पट्ट्यांवर मींड व श्रुति निघत नाहींत, हा आक्षेप घेऊनच ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली व ती सुमारें तीन दशकें टिकली. तथापि पेटीच्या काळांत गायकाचा गळा तरी मोकळा होता. तो पट्टी सोडून आपल्या स्थानीं जाई. १९८० नंतर विद्युत्-वाद्यें स्टुडिओंत सर्रास आलीं, आणि १९९७ सालीं अमेरिकेंत ‘ऑटो-ट्यून’ निघालें. हें साधन गायकाचा स्वर जवळच्या ठराविक पट्टीवर नेऊन बसवूं शकतें. दरबारींतील कोमल गांधार आंदोलित असतो. तो एका जागीं उभा राहिला तर दरबारी राहत नाहीं. ज्या मुलाच्या कानावर जन्मापासून फक्त सरळ केलेले स्वर पडले, त्याला उद्यां हा खरा गांधारच बेसूर वाटण्याचा संभव आहे. राग विसरला तर पुस्तकांतून पुन्हां काढतां येईल. कान विसरले तर तें अवघड आहे.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. १९९५ च्या ‘रंगीला’ चित्रपटांत ए. आर. रहमान यांनीं पूरिया धनाश्रीसारखा कॉर्डीला न जुमानणारा राग अगदीं आधुनिक साजांत आणला. १९६३ सालीं ‘मेरी सूरत तेरी आंखें’ चित्रपटांत सचिन देव बर्मन यांनीं योजिलेला अहीर भैरव १९९९ च्या ‘हम दिल दे चुके सनम’मध्यें पुन्हां अवतरला. जेथें जेथें संगीतकार खालची जमीन स्थिर ठेवतो, तेथें तेथें राग परत येतो, असाच अनुभव आहे. साधन नवें कीं जुनें, हा प्रश्न गौण होय.

घरांत हा वाद निघेल तेव्हां एक प्रयोग करून पाहावा. तंबोरा नसला तरी त्याचा सूर आतां मोबाइलवरही मिळतो. वडिलांनीं आपल्या आवडीचें व मुलांनीं आपल्या आवडीचें असें एकेक गाणें निवडावें, आणि योग्य पट्टी लावून त्या स्थिर षड्जावर तें स्वतः गुणगुणून पाहावें. कांहीं गाणीं तेथें अधिक खुलतील. कांहीं षड्जाशीं भांडूं लागतील, कारण त्यांचा आधार कॉर्ड आहे. कोणतें गाणें कशावर उभें आहे, हें कानाला कळलें, म्हणजे दुसऱ्याच्या आवडीला नांवें ठेवण्याची घाई आपोआप कमी होईल. आणि त्या निमित्तानें खरा गांधार घरांतील लहान मुलांच्या कानावर पडेल, हा लाभ वेगळाच.