प्रकाश मूत्रपिंडाविषयी काय सांगतो?

गेल्या पावसाळ्यात बोईसरजवळच्या एका गावातून ७१ वर्षांच्या आजींना त्यांची सून माझ्या दवाखान्यात घेऊन आली. दोन दिवस जुलाब होते, अंगात त्राण नव्हते. गुडघेदुखीची आणि रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने चालू होती. त्याच दिवशी तपासलेले क्रिएटिनिन १.० आले. ‘किडनी ठीक आहे,’ असे मी सांगून टाकले. तिसऱ्या दिवशी लघवी जवळजवळ थांबली आणि तोच आकडा ३.२ वर गेला. रुग्णालयात उपचार होऊन आजी सावरल्या. परंतु माझे ते वाक्य घाईचे होते.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले की हा पुरवठा आटतो. त्यातच वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतात. प्राणवायूवाचून तेथील पेशी काही तासांतच दुखावू लागतात.

मग रक्ततपासणीला ते का दिसले नाही? क्रिएटिनिनची तपासणीही मुळात प्रकाशाचीच आहे. १८८६ साली मॅक्स याफे यांनी दाखवून दिले की, अल्कलीयुक्त पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळले की नारिंगी-तांबडा रंग येतो. पालघर-बोईसरसारख्या गावांतील छोट्या प्रयोगशाळांतही या रंगातून प्रकाश पाठवून, तो किती शोषला गेला यावरून आकडा काढता येतो. यंत्र खोटे बोलत नाही. पण क्रिएटिनिन रक्तात साचायलाच एक-दोन दिवस लागतात. वृद्धांचे स्नायू कमी असल्याने त्यांचा आकडा आणखी फसवा ठरतो.

म्हणून संशोधक थेट पेशींवरच प्रकाश टाकून पाहत आहेत. रक्त खंडित झालेल्या पेशींत एनएडीएच नावाचे द्रव्य साचते आणि अतिनील प्रकाशात ते निळसर चमकते. रक्तपुरवठा पूर्ववत झाला की ही चमक ओसरते. ती किती लवकर ओसरते, यावरून इजेचा अंदाज येऊ शकतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. प्रत्यारोपणासाठी बर्फात ठेवलेले मूत्रपिंड कितपत तग धरेल, हे ठरवण्यास अशी पद्धत पुढे उपयोगी पडू शकेल. मात्र अतिनील किरण वरच्या पातळ थरापलीकडे जात नाहीत आणि मूत्रपिंड तर पाठीच्या स्नायूंआड दडलेले. त्यामुळे दवाखान्यात बाहेरून लावायचे असे यंत्र आज तरी नाही.

तोवर घरातल्या माणसांची नजर हाच खरा दिवा. ज्येष्ठांना जुलाब, उलट्या वा ताप असेल, तर दिवसातून किती वेळा व किती लघवी झाली, हे वहीत टिपावे. सहा-आठ तास लघवी झाली नाही, ती गडद झाली किंवा गुंगी आली, तर थांबू नये. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवसांत चालू ठेवाव्यात की नाही, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ओआरएस घोटघोट द्यावे. हृदयविकार किंवा जुना मूत्रपिंडविकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आणि पहिला अहवाल चांगला आला, तरी दोन दिवसांनी तपासणी पुन्हा करावी लागेल का, हे अवश्य विचारावे. मी आता न विचारताच सांगतो.