भिंतीवरचा मका

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात मिचेल नावाचं गाव आहे. वस्ती साडेपंधरा हजारांच्या आसपास. आजूबाजूला नजर जाईल तिथवर सपाट शेतं. गावाच्या मुख्य रस्त्यावर नगरपालिकेच्या मालकीचं एक सभागृह आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंती मक्याच्या कणसांनी मढवलेल्या आहेत. कणसांचं चित्र नव्हे, कणसांसारखी फरशीही नव्हे. शेतात पिकलेली, वाळवलेली, उभी चिरलेली खरी कणसं, खिळ्यांनी ठोकून बसवलेली. साधारण अडीच-तीन लाख कणसं. आणि ही सगळी मेहनत एका वर्षापुरती! पुढच्या वर्षी ती उचकटून काढायची, नवा विषय घ्यायचा, नवी चित्रं काढायची, नवा मका ठोकायचा.

या इमारतीला तिथं ‘कॉर्न पॅलेस’ म्हणतात. वर घुमट आहेत, मिनार आहेत, म्हणजे लांबून पाहिलं तर कुणा सुलतानानं चुकून प्रेअरीत वाडा बांधला असं वाटावं. जवळ गेल्यावर भिंतीला दाणे दिसतात.

काम कसं चालतं ते ऐकण्यासारखं आहे. छपरावर घालतात तसल्या काळ्या डांबरी कागदावर चित्राची बाह्यरेषा आखतात आणि कुठल्या भागात कुठला रंग, ते त्यातच लिहून ठेवतात. मुलांच्या रंगवायच्या वहीत आकड्याप्रमाणे रंग भरतात ना, तसंच. फक्त इथं रंगाऐवजी कणीस. करवतीवर कणीस उभं चिरलं की सपाट बाजू भिंतीला टेकते आणि दाण्यांची बाजू बाहेर येते. मोकळ्या कडा आणि पट्ट्या राय नि ओटच्या ओंब्यांनी आणि एका रानटी तणाच्या जुड्यांनी भरतात. ते तण म्हणजे आपल्या आंबटचुक्याचं चुलत भावंड. चुक्याची जुडी राजवाड्याच्या भिंतीला लागू शकते, हे आपल्या मंडईत कुणाला सांगून पटणार नाही.

रंग बारा: पिवळा, पांढरा, तांबडा, निळा, काळा, तपकिरी, नारिंगी, हिरवट, ठिपकेदार वगैरे. एकही रंग डब्यातला नाही, सगळे बियाण्यातले. हा मका यंत्रानं काढता येत नाही, कारण यंत्र दाणे सोलून टाकेल. कणसं हातानं खुडावी लागतात. पण खरी गंमत त्याच्याही आधीची. प्रत्येक रंगाचं शेत वेगळं आणि दुसऱ्या रंगापासून लांब ठेवावं लागतं. का?

आपल्या आंब्याचं उदाहरण घेऊ. हापूसच्या मोहरावर पायरीचे पराग पडले तरी त्या झाडाला आंबा हापूसच लागतो. गर आणि साल आईच्या देहातून बनतात. बापाचा वाटा फक्त कोयीच्या आत असतो आणि कोय रुजवल्याशिवाय तो कळत नाही. मक्यात मात्र आपण खातो आणि बघतो ते बीच. कणसाच्या टोकाशी लोंबणारे ते रेशमी केस आठवा, खाताना दातांत अडकणारे. त्यातला एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर पडतो, त्याची नळी केसातून आत उतरते, आणि मग तो एक दाणा धरतो. म्हणजे एका कणसावर पाचसहाशे दाणे असतील तर ती पाचसहाशे वेगवेगळी लग्नं, आणि प्रत्येक दाण्याचा बाप वेगळा असू शकतो. वारा ज्याला आणेल तो.

दाण्यातला जो पिठूळ साठा असतो, त्याच्या जडणघडणीतही बापाचा वाटा असतो. त्यामुळे निळ्या मक्याचा पराग पांढऱ्याच्या केसावर पडला तर पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. त्याच हंगामात, त्याच पांढऱ्या कणसात निळा दाणा चमकतो. काही तांबड्या जातींचा रंग मात्र अगदी बाहेरच्या सालीत असतो. साल आईची, म्हणून शेजारच्या शेतातून कितीही पराग आले तरी ती त्या वर्षी बधत नाही. शेतकऱ्याला हे सगळं शास्त्राच्या भाषेत ठाऊक असायची गरज नाही. पण वाऱ्यानं एकदा घोटाळा केला की भिंतीवरच्या घोड्याच्या पांढऱ्या पाठीवर निळे डाग उठणार, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

ठिपकेदार दाण्यांनी तर विज्ञानालाच कोड्यात टाकलं होतं. बार्बरा मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंनी १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके न्याहाळून सांगितलं की जनुकं एका जागी बसून राहत नाहीत, काही चक्क उड्या मारतात. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.

आता हा उद्योग सुरू का झाला? जाहिरातीसाठी. १८८९ मध्ये साउथ डकोटाला राज्याचा दर्जा मिळाला. रेल्वे आली होती, जमीन रग्गड होती, माणसं हवी होती. इथं काय पिकणार, अशी शंका घेणाऱ्यांच्या तोंडावर पीकच मारायचं, ही तेव्हाची चाल. त्या काळात अमेरिकेच्या मधल्या भागातल्या बऱ्याच गावांनी धान्याचे महाल उभारले. आयोवातल्या सू सिटीनं १८८७ मध्ये मक्याचा महाल बांधून धडाका लावला, पण चारपाच वर्षांत हौस फिटली. मिचेलनं १८९२ मध्ये सुरुवात केली आणि सोडलंच नाही. १९०४ मध्ये राज्याची राजधानी व्हायची मिचेलची हौस होती. मतदानात पिअर गाव जिंकलं. मिचेलनं पुढच्याच वर्षी आणखी मोठा महाल बांधला. हरलेल्या गावाचा हा हट्ट मला मनापासून आवडतो. आजची इमारत १९२१ची, घुमट-मिनार १९३७चे.

१९०७च्या छायाचित्रात या महालावर भलंमोठं स्वस्तिक दिसतं. ते मूळ अमेरिकन जमातींच्या नक्षीतून घेतलेलं. नाझी पक्ष जन्मायला तेव्हा अजून बारा-तेरा वर्षं होती.

त्या जमातींतल्या एकाच्या हाती पुढे या भिंती आल्या. ऑस्कर हाउ हा यांक्टोनाई डाकोटा समाजातला चित्रकार. क्रो क्रीक राखीव प्रदेशात १९१५ मध्ये जन्मलेला. १९४८ ते १९७१ असं जवळजवळ पाव शतक कणसांची चित्रं त्यानं आखली. १९५८ मध्ये एका प्रदर्शनानं त्याचं चित्र ‘पारंपरिक इंडियन शैलीतलं नाही’ म्हणून नाकारलं, तेव्हा त्यानं लिहिलेलं संतप्त पत्र अमेरिकन कलेच्या इतिहासात गाजलं. मक्यात मर्यादा फार: बारा रंग, रेषा जाडजूड, बारकाव्याला वाव नाही. पण सपाट रंग आणि टोकदार आकार यांची त्याची जाण इतकी पक्की की ती मर्यादाच त्याच्या कामी आली असावी. त्याचं ब्रशचं काम बघायचं तर गावातल्या जुन्या कार्नेगी ग्रंथालयात जाऊन वर मान करावी. घुमटाच्या आतलं चित्र त्याचं आहे, १९४० सालचं.

महालाच्या आत काय आहे? बास्केटबॉलचं मैदान. गावातल्या शाळेच्या संघाचं नाव ‘कर्नल्स’. लष्करातले नव्हेत, इंग्रजीत दाण्यांना तसं म्हणतात. इथल्या रेडिओ केंद्राची नाममुद्रा के-ओ-आर-एन. विनोद आधी स्वतःवर करून मोकळं व्हायचं, ही या गावाची रीत. कबुतरं नि खारी भिंत कुरतडतात, तर लोक इमारतीला ‘जगातली सगळ्यात मोठी पाखरांची खाणावळ’ म्हणतात. २००६ मध्ये मात्र विनोद सुचण्यासारखं नव्हतं. दुष्काळानं मका गेला आणि त्या वर्षी भिंती बदलता आल्या नाहीत. डब्यातला रंग वापरून वेळ मारून नेता आली असती, पण मग तो महाल राहिला नसता.

इथं एक धागा आपल्यापर्यंत येतो. जॉर्ज मॅकगव्हर्न याच गावात वाढले आणि इथल्याच डकोटा वेस्लियन विद्यापीठात इतिहास शिकवत होते. पुढे केनेडींच्या काळात, १९६१-६२ मध्ये, अमेरिकेच्या ‘फूड फॉर पीस’ योजनेचे ते प्रमुख होते. ही योजना म्हणजेच आपल्याकडे ‘पीएल ४८०’ नावानं ओळखली गेलेली. साठच्या दशकात रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना तो तांबडा गहू आणि ती मिलो ज्वारी अजून आठवत असेल, बहुधा प्रेमानं नव्हे. मॅकगव्हर्न १९७२ मध्ये निक्सनविरुद्ध अध्यक्षपदाला उभे राहिले आणि स्वतःच्या राज्यातसुद्धा हरले. विद्यापीठात त्यांच्या नावाचं ग्रंथालय आहे.

बहुतेक प्रवासी हायवेवरून माउंट रशमोरकडे जाताना इथं तासभर थांबतात, महालापुढे फोटो काढतात, पॉपकॉर्नचा लाडू घेतात आणि निघतात. त्यांची जी चुकते, ती जागा गावाच्या उत्तरेला तळ्याकाठी आहे. तळं १९२८ मध्ये ओढा अडवून केलेलं, पण काठावरचं खेडं सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. मातीनं लिंपलेल्या लाकडी घरांची वस्ती होती ती. त्या लोकांनी बायसन मारले, हाडं फोडून उकळून चरबी काढली, आणि ओढ्याकाठच्या मऊ जमिनीत घेवडा, भोपळा, सूर्यफूल नि मका पिकवला. उत्खननाच्या एका भागावर मोठं छप्पर घातलं आहे, म्हणजे पावसापाण्यात खोदकाम थांबत नाही आणि येणाऱ्याला ते शेजारी उभं राहून बघता येतं.

तिथं मिळालेला मका काळा आहे, जळालेला. जळाला म्हणूनच टिकला; कोळसा झालेल्या धान्याला ना बुरशी लागते ना कीड. म्हणजे १८९२ मध्ये गावकरी कणसं ठोकून ‘इथं मका पिकतो हो’ असं जगाला ओरडून सांगत होते, तेव्हा त्याचा शेकडो वर्षांचा पुरावा हाकेच्या अंतरावर मातीखाली पडून होता.

महाल बघायला तिकीट नाही. त्या खेड्याला आहे. वेळ एकाच ठिकाणापुरता असेल, तर तिकीट काढा.