कमरेला पंचा बांधलेला देव

देव सुंदर असतो म्हणजे कसा असतो हो? मैत्रिणींनो, आपल्या डोळ्यांपुढं लगेच किरीट, हार, पीतांबर उभे राहतात. ख्रिस्ती घरांतल्या तसबिरींतही येशू कसा गोरापान, लांब केसांचा! पण बायबल उघडून पाहा. चारही शुभवर्तमानांत त्याच्या नाकडोळ्यांचं वर्णन नाही. उलट, यशया संदेष्ट्यानं लिहिलेल्या ज्या दुःखी सेवकात ख्रिस्ती माणसं येशूला पाहतात, त्याला तर म्हणे रूपच नव्हतं.

मग हे सौंदर्य शोधायचं कुठं? योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. त्याच रात्री पकडला जाणारा येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे धुळीनं भरलेले पाय धुऊन पुसतो. हे तर नोकराचं काम! पेत्राला ते सहनच होईना. आणि घात करणारा यहूदा? तोही तिथंच बसलेला होता.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू आजही पाय धुतात. मला तर वेदीवरच्या साऱ्या फुलांहून तो ओला पंचाच देखणा वाटतो. पण नियमानं पाय असायचे ते पुरुषांचे! घरादाराचे पाय जन्मभर धुणारी बाई मात्र बाकावर. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या; त्यांतली एक मुसलमान. २०१६ मध्ये नियमच बदलला. आता त्या रांगेत बायकाही बसू शकतात.