गोष्टीवाल्या बाई गारगोटीला येतात तेव्हा…

कंपनीच्या अॅन्युअल डेसाठी जादूगार बुक करायला किती वेळ लागतो? दोन फोन, एक मेल आणि निम्मे पैसे अॅडव्हान्स. काम फत्ते! गावाकडच्या प्राथमिक शाळेत मुलांसाठी एक लेखिका आणि एक बाहुल्यांचा खेळ न्यायचा तर ते याहून सोपं असणार, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. ना लॉन, ना लाइट्स, ना डिनर. तर मंडळी, दोन वर्षांत दोनदा हा उद्योग करून झालाय आणि पहिल्यांदा आम्ही सपाटून तोंडावर पडलोय. तुमच्याही डोक्यात असला किडा वळवळत असेल, तर आधी आमचं ऐका.

आम्ही म्हणजे सहा जण. तिघं पुण्यात, दोघं बंगळुरात आणि एक गारगोटीतच मेडिकल चालवणारा. शाळेसाठी काहीतरी करायचं म्हणून आधी वह्या वाटल्या, मग दप्तरं, मग एक टीव्ही दिला. तो टीव्ही नंतर दोन-तीनदा गावी गेलो तेव्हा कपाटातच दिसला, अंगावर स्वच्छ धुतलेला कपडा घेऊन. मग एकाला सुचलं, या वेळी वस्तू नको, माणूस नेऊ. मुलांनी खरा जिवंत लेखक बघितलाय का कधी?

गारगोटी ठाऊक नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर, वेदगंगेकाठचं, भुदरगड तालुक्याचं गाव. पाऊस असा की जून ते सप्टेंबर कुठलाही बेत आखू नये. पण शिक्षणाच्या बाबतीत गाव मोठ्या घराण्यातलं आहे. ज्यांचं नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत येतं ते जे. पी. नाईक शेजारच्या आजरा तालुक्यातले, १९०७ चा जन्म. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सचिव झाले. खेड्यातल्या पोरांना शिकायला खेडं सोडावं लागू नये, म्हणून गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं ते त्यांच्याच धडपडीतून. आणि लेखक म्हणाल तर 'तणकट' कादंबरीसाठी २००१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे राजन गवस इथल्याच कॉलेजात शिकवायचे. म्हणजे लेखक नावाचा प्राणी गावाला नवा नाही. पण तो कॉलेजात असतो, पुरस्कारात असतो. दुसरीच्या वर्गात जमिनीवर मांडी घालून बसलेला तो कुणी पाहिलाय?

तर पहिला प्रयोग. एवढा खर्च करतोय तर एकाच शाळेला का, म्हणून आम्ही सात शाळांची पोरं एका मैदानात आणली. मांडव, लग्नातले असतात तसले स्पीकर आणि रस्त्यावर फ्लेक्स. त्यावर आमचे सहा जणांचे फोटो पाहुण्यांच्या फोटोपेक्षा किंचित मोठे. शहरातून हातमोज्याच्या बाहुल्यांवाले बोलावले होते. कलाकार उत्तम, पण बाहुली ती केवढी? वीतभर! पाचव्या रांगेपुढच्या पोरांना फक्त पुढच्या पोरांची डोकी दिसत होती. त्याआधी स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, मनोगत (त्यातलं एक माझं, तेही फेटा बांधून). लेखक बोलायला उठले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. एक पोरगं शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलं होतं.

संपल्यावर मी दुसरीतल्या एकाला विचारलं, "काय आवडलं रे सगळ्यात?"

"जिलेबी."

"आणि बाहुली?"

"कुठली बाहुली?"

आमचे जुने गुरुजी आवर्जून आले होते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कार्यक्रम चांगला झाला." आणि दोन पावलं पुढं जाऊन म्हणाले, "तुमचा."

ते 'तुमचा' मला पुण्यापर्यंत पुरलं.

पुढच्या वर्षी आम्ही अक्कल गहाण न ठेवता सुरुवात केली. एकच शाळा, तीही गारगोटीच्या अलीकडच्या एका वाडीवरची, जेमतेम साठ-सत्तर पोरांची. तिथल्या बाईंना फोन केला तर त्यांनी तारीख विचारली नाही, बजेट विचारलं नाही. म्हणाल्या, "त्या येणार त्यांचं आमच्या मुलांनी काय वाचलंय?" काहीच नाही. हा प्रश्न आम्हा सहा पदवीधरांपैकी एकालाही सुचला नव्हता.

लेखिकेनंही फोनवर जवळपास तेच विचारलं. त्या पुण्यातल्या, लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं लिहिणाऱ्या. नाव देत नाही, कारण त्यांनी तशी अटच घातली होती. अटी आणखीही होत्या. सत्कार नको, शाल-श्रीफळ नको, माइक नको. एका वेळी एकाच वर्गाची मुलं. आणि येण्याआधी पंधरा दिवस त्यांची तीन पुस्तकं शाळेत पोचलेली हवीत, प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती, आणि ती कपाटात नाही तर मुलांच्या हातात. हे ऐकून आमचा मेडिकलवाला म्हणाला, "अगा, ह्या बाई आमचीच परीक्षा घ्यायला लागल्यात की!"

खरी वादावादी झाली ती पैशांवरून. गोष्ट सांगायचे पैसे? तेही लहान पोरांना? आपल्याकडे हा प्रश्न अजून हसत हसत विचारला जातो. कॅटररशी घासाघीस करू, पण पैसे देणार हे गृहीत असतं. लेखकाला मात्र 'मुलांसाठी आहे हो' म्हटलं की झालं. मी हिशोब मांडला. पुण्याहून येणं, एक मुक्काम, परत जाणं म्हणजे बाईंचे लिहिण्याचे दोन दिवस जाणार. ते आपण फुकट का घ्यायचे? आपला दिवस आपण कुणाला फुकट देतो का? शेवटी मांडव, फ्लेक्स, स्पीकर, फेटे, हार आणि जिलेबी यांच्यावर काट मारली. उरलेल्या पैशांत मानधन, प्रवास आणि पुस्तकं सगळं बसलं, वर थोडे उरले. (जिलेबी पुढं बाईंच्या दबावामुळे परत आली.)

कागदपत्रांचं फार काही नसतं. मुख्याध्यापकांना साधं पत्र दिलं, त्यांनी विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे एकदा त्यांना पटलं की निम्मं काम झालं. वार शनिवार. २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार'चा सरकारी निर्णय निघालाय, त्यामुळे शाळेलाही सोयीचं.

आता बाहुल्या. आमच्या पिढीला बाहुली म्हटलं की रामदास पाध्ये आठवतात आणि त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव. नाहीतर १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू, ज्याच्यामुळे माझी बहीण वर्षभर बाहुलीला कपाटात कोंडून झोपायची! म्हणून आम्ही मुंबई-पुण्याकडेच बघत बसलो होतो. गुरुजींनी विचारलं, "घाट उतरून खाली बघितलंत का?"

घाट उतरला की कुडाळजवळ पिंगुळी. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या तीन खेळ सांभाळून आहे. एक चित्रकथी, म्हणजे रंगवलेल्या चित्रांची पोथी एकेक पान दाखवत गाऊन सांगायची. दुसऱ्या कळसूत्री बाहुल्या. तिसऱ्या चामड्याच्या, ज्यांची सावली पांढऱ्या पडद्यावर पाडतात. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, देवळांतून खेळ व्हायचे. मग राजाश्रय गेला, सिनेमा आला, टीव्ही आला. यातल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय मांडलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पुण्यात राहून मी केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रं काचेआड बघितली होती. पण हे खेळ करणारी माणसं आमच्या गावापासून सह्याद्रीच्या फक्त पलीकडे राहतात, हे लक्षातच आलं नव्हतं! मधे डोंगर म्हणून आंबोली नाहीतर फोंडा घाटानं वळसा पडतो, एवढंच.

आम्ही ठरवलेली पाच जणांची मंडळी आदल्या रात्रीच आली. सोबत एक पत्र्याची ट्रंक. त्यातल्या ज्येष्ठांनी, सगळे त्यांना काका म्हणत होते, शाळा बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "काळोख खय करतलात?"

बरोबर! सावल्यांचा खेळ आणि वेळ सकाळी दहाची. याचा विचार कुणी केला होता? मग रात्री वाडीत फिरून घोंगडी गोळा केली, भातावर टाकायची ताडपत्री आणली, दोन घरांतून तर चादरी आल्या. सकाळी वर्गाच्या खिडक्या बुजवायला पोरंच पुढं. खेळ सुरू व्हायच्या आधीच त्यांचा खेळ सुरू झाला होता. 'इथनं उजेड येतोय', 'कौलातनं येतोय' असा नुसता कल्ला.

सगळं जमलं. वर्ग गच्च, पडदा बांधलेला, मागं बल्ब. हनुमान लंकेत शिरला आणि लाइट गेली.

मी मोबाइल काढून कुणाकुणाला फोन लावायला लागलो. ऑफिसची सवय. काकांचा आवाज मात्र पडद्यामागून शांतच आला, "आमच्या आजोबांच्या येळाक खयची लाइट? समई आसा मां?"

समई होती! उद्घाटन नको, दीपप्रज्वलन नको म्हणून मीच ती कोपऱ्यात सरकवून ठेवायला लावली होती. तेल घातलं, पाच वाती लावल्या. आणि सांगतो तुम्हाला, बल्बच्या उजेडात ती सावली सावलीच होती. समईच्या ज्योतीबरोबर ती हलायला लागली. हनुमानाची शेपटी पेटल्यावर सगळी लंका खरोखर थरथरली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मागं सरकत सरकत बाईंच्या मांडीवर जाऊन बसली. वीज कधी परत आली ते कुणाला कळलंही नाही, बल्ब काढून ठेवला होता.

नंतर काकांनी पोरांना चार-चारच्या गटानं पडद्यामागं नेलं. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या हातात दिल्या. एका पोरानं राक्षसाला नमस्कार करायला लावला. दोरी थोडी ओढली तर मान हलते, जास्त ओढली तर राक्षस पडतो, हे कळायला त्याला अर्धं मिनिट लागलं. मला चार मिनिटं लागली आणि माझा राक्षस तरीही झोपूनच राहिला.

लेखिका मधल्या सुट्टीनंतर तिसरी-चौथीच्या वर्गात जमिनीवर बसल्या. भाषण नाहीच. पोरांनी पंधरा दिवसांत पुस्तकांचा पार फडशा पाडला होता, त्यामुळे प्रश्न धडाधड आले. तुम्ही खोटं लिहिता का? चित्रातल्या आज्जीचा चष्मा दुसऱ्या पानावर कुठं गेला? (हा खरंच गेला होता. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.) दिवसाला किती पानं लिहिता? गुरुजी मारतात का तुम्हाला?

त्यांच्या एका पुस्तकात एक शेळी आहे. ती हरवते, सापडते आणि शेवटच्या पानावर अंगणात उभी राहून कुठंतरी बघत असते. तिथंच गोष्ट संपते. एकानं विचारलं, "पुढं काय झालं तिचं?"

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

मग शेळीला पिल्लं झाली, शेळी कोल्हापूरला गेली, शेळीनं मुंबईत सिनेमात काम केलं, असं बरंच झालं. मागच्या भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली, बीडकडची, हंगामापुरती या शाळेत बसणारी. हात वर न करताच ती म्हणाली, "इकली तिला. पैसे लागत व्हते."

वर्ग हसला नाही. लेखिका तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुणी विकली?"

"तिच्याच आईनं. म्हंजी त्या पोरीच्या आईनं." थोडं थांबून, "पर पोरगी रडली न्हाई. तिनं नाव लिहून ठिवलं शेळीचं. दारावर. कोळशानं."

लेखिकांनी पर्समधून छोटी वही काढली आणि तिथंच लिहून घेतलं. परत जाताना कोल्हापूरपर्यंत गाडीत आम्ही दोघं फारसं बोललो नाही. कागलजवळ त्या एवढंच म्हणाल्या, "गोष्ट तिची आहे. मी वापरू शकत नाही." मला वाटतं हा प्रामाणिकपणा मानधनात मोजता येत नसावा, पण म्हणून मानधन देऊ नये असं नाही!

खर्चाचं विचारायला ग्रुपवर अजून मेसेज येतात. कुठला लेखक बोलवावा असंही विचारतात. माझं उत्तर, जवळचा आधी बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच, वनखात्यात नोकरी करत लिहिणाऱ्या सलीम मुल्लांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'ला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालाय. भुदरगडच्या पोरांना जंगल दाखवायला पुस्तकातली चित्रं लागत नाहीत, खिडकी पुरते. अशा पोरांसमोर जंगलातल्या माणसानं बसावं, हे माझं पुढच्या डिसेंबरचं स्वप्न आहे. अजून विचारलेलं नाही.

मार्चमध्ये बाईंचा फोन आला. वार्षिक तपासणीसाठी पुस्तकं मोजली तेव्हा पंधरापैकी एक कमी भरलं. शेळीचं. कारखान्याचा हंगाम संपला, ऊसतोडीच्या गाड्या एका रात्रीत निघून गेल्या, त्याच आठवड्यात गेलं असणार. मी म्हटलं, बाई, पैसे पाठवतो, नवीन प्रत घ्या.

"प्रत पाठवा," त्या म्हणाल्या. "पण रजिस्टरात मी 'गहाळ' लिहिलेलं नाही. 'वाचायला दिले आहे' असं लिहिलंय."